टिपणीस यांनी सिद्ध केले आहे की…

माझ्या नातीने परवा मला मोजलं. वजनकाट्यावर नव्हे, कॉम्प्युटरवर. ती बंगळूरला पीएच.डी. करते, म्हणजे आमच्या घरातली या रोगाची ही दुसरी केस. हल्ली नुसतं नाव टाकलं की त्या माणसाने किती शोधनिबंध लिहिले आणि जगातल्या किती जणांनी आपापल्या निबंधात त्यांचा हवाला दिला, याचा आलेख समोर येतो म्हणे. माझा आलेख बघून ती फोनवर म्हणाली, "आजी, तू रिटायर झाल्यावर जास्तच पॉप्युलर झालीस गं." मी म्हटलं, आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याहून जास्त होतो, जरा कळ काढ.

पण तो आलेख वर का चढतोय, ते तिला ठाऊक नव्हतं. मला आहे. त्यात मिरवण्यासारखं फारसं काही नाही, आणि यंदाच्या श्रावणात तर त्या आलेखाने मला उन्हापावसात उरणजवळच्या करंज्याला जायला लावलं. ते सांगायचं तर आधी धंदा समजावून सांगायला हवा.

मी इम्युनॉलॉजिस्ट. मराठीत प्रतिकारशक्तिशास्त्रज्ञ; हा शब्द म्हणून होईतो निम्म्या लोकांची सर्दी बरी होते. पनवेलात आमच्या शेजाऱ्यांची कित्येक वर्षं अशी समजूत होती की मी मुंबईत कुठेतरी रक्त-लघवी तपासते. बायका बाटली घेऊन दारात यायच्या. मी गोळ्या देत नाही, इंजेक्शन टोचत नाही, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते मी अजून विसरलेले नाही.

आपल्या शरीरात एक राखण करणारी यंत्रणा असते. ती समजून घ्यायला आमच्या सोसायटीचा वॉचमन पुरेसा आहे. चोर आला तर त्याने शिटी वाजवावी, अशी अपेक्षा. पण एखाद्या वॉचमनचं डोकं फिरतं आणि तो रोजच्या दूधवाल्याला बघून शिटी वाजवतो, गेट बंद करतो, पोलीस बोलावतो, त्या धावपळीत दोन कुंड्या फोडतो. दूधवाल्याने काहीच केलेलं नसतं. नुकसान होतं ते वॉचमनच्या उत्साहाने. याला ॲलर्जी म्हणतात. माझं सगळं आयुष्य अशा एका दूधवाल्याच्या अभ्यासात गेलं, आणि तो दूधवाला म्हणजे कोळंबी.

आता हवाला. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी एक यादी असते : आम्ही हे म्हणतोय, याला आधार अमुक यांचा, तमुक यांचा. बाहेरच्याला वाटतं, केवढी ही ज्ञानाची परंपरा. प्रत्यक्षात ती लग्नपत्रिकेवरची निमंत्रकांची यादी असते. कुणी खरंच राबलेला असतो, कुणाचं नाव टाकलं नाही तर तो रुसेल म्हणून टाकलेलं असतं, आणि कुणाला तर लग्न आहे हेच माहीत नसतं. निबंध तपासणारे परीक्षकही "आमच्या या कामाचा उल्लेख राहिला आहे" असं सुचवून पाठवतात. हे थोरले काका. त्यांचं नाव टाकलं की लग्न लागतं.

हे शहाणपण आत्ताचं. तिशीतली वत्सला टिपणीस, म्हणजे मीच, हे ऐकून घेणारी नव्हती. तिचा अवतार डोळ्यांसमोर आणा : कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला बर्फाचा डबा, आणि उरणच्या एस.टी.त खिडकीपाशी बसून चेहऱ्यावर असा भाव, की या गाडीत मानवजातीचं भलं करायला निघालेली मी एकटीच. बाकीचे आपले बाजाराला चाललेत. करंज्याच्या बंदरावर ती कोळ्यांच्या पोरांच्या हातांवर थेंब टाकून सुईने जरासं टोचायची. थेंब कोळंबीच्या अर्काचा. वॉचमन भडक डोक्याचा असेल तर तिथे डास चावल्यासारखी गांध उठते, नसेल तर काही होत नाही. पोरांना याचं काही वाटायचं नाही. बक्षिसाच्या गोळीसाठी काही जणं दुसऱ्यांदा रांगेत यायची.

तिला असं दिसलं की या पोरांत कोळंबीचा त्रास फार कमी आहे. ती पोरं दात यायच्या आधीपासून कालवणात बोट बुडवून चाटायची. तेव्हा तिने निबंधाच्या शेवटी लिहिलं, की लहानपणापासून खाल्ल्यामुळे कदाचित संरक्षण मिळत असेल. पण ज्यांना सोसत नाही ती मुलं आमच्यासमोर आलीच नसतील, असंही असू शकेल. याचा नीट तपास व्हायला हवा. वाक्य सपक होतं, पण प्रामाणिक होतं. तिच्या बाजूने एवढं एकच सांगता येईल.

मग ती हवाल्यांची वाट बघत बसली. तेव्हा इंटरनेट नव्हतं. परदेशातून छापील पोस्टकार्डं यायची : आपल्या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी. ती कार्डं तिने टेबलाच्या काचेखाली अशी लावली होती की चहा ठेवायला जागा उरली नव्हती. आणि लायब्ररीत बारीक टायपाचे जाडजूड खंड यायचे, कुणी कुणाचा हवाला दिला त्याचे. हातात भिंग घेऊन ती दुसऱ्याच कुणाचं तरी नाव शोधत असल्यासारखी 'टी'पर्यंत पोचायची. ग्रंथपाल एक खट पारशी बाई होत्या. मान वर न करता त्या विचारायच्या, "आज कोई आया, मॅडम?" बहुतेक वेळा कोई आलेलं नसायचं.

आणि मग आलं. विलायतेतल्या एका बड्या प्रोफेसरांनी ॲलर्जीच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेणारा लांबलचक लेख लिहिला आणि त्यात ही बाई होती. "बालपणापासून कोळंबी खाल्ल्याने ॲलर्जीपासून संरक्षण मिळते, हे टिपणीस आणि इतरांनी सिद्ध केले आहे." त्या दिवशी तिने ऑफिसात पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. 'कदाचित' कुठे गेलं? तो उरलेला अर्धा परिच्छेद कुठे गेला?

पुढे जे झालं, ते आमच्याच धंद्यात होऊ शकतं. बड्या लेखाचा हवाला छोट्यांनी उचलला, छोट्यांचा आणखी छोट्यांनी. प्रत्येकाच्या यादीत टिपणीस. आणि प्रत्येकाच्या यादीत माझ्या निबंधाचा पान क्रमांक चुकलेला. सगळ्यांचा सारखाच चुकलेला. कारण विलायतेच्या प्रोफेसरांच्या टायपिस्टने तो चुकवला होता आणि बाकीच्यांनी तो तसाच उतरवून घेतला होता. त्या पानावर खरं तर दुसऱ्याच कुणाचा उंदराच्या प्लीहेवरचा लेख आहे. माझा निबंध उघडून बघायला एवढे जण गेले असते, तर निदान त्या उंदराशी तरी एखाद्याची गाठ पडली असती.

मी मासिकाकडे दुरुस्ती पाठवली : आम्ही असं म्हटलेलं नाही. त्यांनी ती छापली. एका कोपऱ्यात, एका संपादकाच्या निधनवार्तेच्या खाली. त्या दुरुस्तीचा हवाला आजवर मी सोडून जवळपास कुणीही दिलेला नाही. एका महाभागाने दिला, तोही त्याच विधानाच्या पुष्ट्यर्थ : "कोळंबी खाल्ल्याने संरक्षण मिळते (टिपणीस आणि इतर, तसेच टिपणीस, दुरुस्ती)." नातीच्या कॉम्प्युटरवरचा चढता आलेख आहे तो या सगळ्याचा.

आता यंदाच्या श्रावणाकडे येते.

आमच्या खालच्या मजल्यावर स्नेहल राहते. बँकेत आहे. नवरा मंगेश उरणकडे बंदरात नोकरीला, मूळचा करंज्याचा. त्यांचा रुद्र दीड वर्षाचा. उन्हाळ्यात कोळंबीच्या कालवणातला भात त्याला भरवला, आणि बघता बघता त्याचे ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, श्वास लागला. स्नेहल त्याला रिक्षात घालून दवाखान्यात पोचली म्हणून पोर वाचलं. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या करून बजावलं, कोळंबी पूर्ण बंद. स्नेहलने ते फ्रिजवर लिहून लावलं.

करंज्याला तिची सासू. हिराबाई. सुक्या मासळीचा धंदा, आवाज खणखणीत. पावसातली मासेमारीबंदी उठून घरची होडी पहिल्यांदा जाऊन आली, की त्या खेपेतली कोळंबी घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या जिभेला लावायची, ही त्यांच्या घरची रीत. मंगेशच्या जिभेला लावली होती, त्याच्या बापाच्या लावली होती. यंदा पाळी रुद्रची. स्नेहल नको म्हणाली, तेव्हा हिराबाईंनी तिला व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला. तो घेऊन स्नेहल माझ्याकडे वर आली.

आधी गुलाबाचं फूल, मग हात जोडलेले, मग मजकूर : इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ डॉ. टिपणीससाहेब यांनी सिद्ध केले आहे की मुलांना लहानपणापासून कोळंबी दिल्यास ॲलर्जी मुळापासून नष्ट होते. जास्तीत जास्त मातांपर्यंत पोहोचवा.

"आजी," स्नेहल म्हणाली, "हे तुम्हीच का?"

करंज्याहून निघालेलं वाक्य विलायतेला जाऊन करंज्याला परत आलं होतं. वाटेत 'कदाचित' गळून पडलं होतं, मी बाईचा पुरुष झाले होते, पण पदवी मात्र नीट पोचली होती. मला हसू आलं. स्नेहलला आलं नाही. मंगेश म्हणत होता, आईचं मन मोडवत नाही, नुसती जिभेला तर लावायची आहे. होडी परवा-तेरवा येणार होती. मी करंज्याला जाऊन त्यांना सांगावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी तिला म्हटलं, अगं, सगळ्या जगाने ऐकलं नाही ते तुझी सासू ऐकेल? ती म्हणाली, जगाच्या घरात माझा मुलगा नाही.

मी चपला घातल्या.

हिराबाईंच्या अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. बाई माझ्याच वयाच्या, पण पाठ माझ्याहून ताठ. स्नेहलने ओळख करून दिली : या आमच्या वरच्या आजी, डॉक्टर आहेत, त्या मेसेजमधल्या डॉक्टर टिपणीस म्हणजे याच. हिराबाईंनी मला नखशिखान्त पाहिलं आणि सुनेला सांगितलं की तो डाक्टर विलायतेचा हाय, गोरा हाय, त्याला साडी कशी असंल? मी सांगितलं, बाई, मीच लिहिलं होतं, आणि तसं लिहिलंच नव्हतं. त्यावर त्यांनी विचारलं, तुमी गोल्या देता? नाही. सुई टोचता? औषधाची नाही. मग त्या मान हलवून म्हणाल्या, मंग कसल्या डाक्टर? पनवेलातल्या त्या बाटलीवाल्या बायका आठवल्या.

मी तरीही वॉचमन, दूधवाला सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. भाकरी, आणि सोड्यांचं कालवण. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. मी ताट बाजूला सारून म्हटलं, मला चालत नाही.

अंगणातली हवाच बदलली. हिराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत नाय, असं सांगा ना बाय. टिपनिस मंजे परभू. परभू आनि सोडे सोडतील? माजी आई पनवेलात परभूंच्याच आलीत सोडे इकायची."

त्यांचं खरं होतं. आम्हा प्रभूंच्या घरात देवाचं चुकेल, पण सोड्यांची खिचडी चुकणार नाही. मला सांगावं लागलं, की प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं कोळंबी वाटून, गाळून, तिची पूड हुंगून माझ्याच वॉचमनचं डोकं फिरलं. आधी शिंका, मग हात लाल, मग एका रविवारी आईच्या हातच्या खिचडीने घसा आवळला. आमच्या धंद्यात हे पुष्कळांना होतं. उंदरांवर काम करणाऱ्यांना उंदरांची होते. पण उंदराची खिचडी चुकली म्हणून कुणी रडत नाही.

हिराबाईंचा अर्थातच विश्वास बसला नाही. "खावानं त्रास मोडतो म्हनून छापता, आनि तुमी तं रोज वाटत व्हत्या."

तेव्हा मी पर्स उघडली. टोचायच्या छोट्या निर्जंतुक सुया मी अजून बाळगते. काही बायका लवंगा बाळगतात तशा. जीव घाबरा झाला तर घ्यायचं इंजेक्शनही असतं. ते आधी स्नेहलच्या हातात दिलं आणि कधी, कुठे टोचायचं ते सांगितलं. (वाचकांनी घरी यातलं काहीही करू नये. मी म्हातारी आहे आणि हा माझा धंदा होता.) हिराबाईंकडून खाडीतल्या ताज्या कोळंबीचं एक टोक घेतलं, सुई आधी तिच्यात आणि मग माझ्या हातावर. शेजारी नुसत्या मिठाच्या पाण्याची एक. हिराबाई बघत होत्या. मग त्यांनी आपला हात माझ्यापुढे केला. नवी सुई घेऊन त्यांनाही तेच दोन ठिपके दिले.

चहा झाला. तो होईतो माझ्या हातावर कोळंबीच्या जागी चांगली मोठी गांध उठली होती, भोवती लाल. मिठाच्या जागी काही नाही. हिराबाईंच्या हातावर दोन्हीकडे काही नाही. त्यांनी माझी गांध बोटाने दाबून पाहिली, खरी आहे का ते. मग आपला हात माझ्या हाताशेजारी धरला.

"कोलंबी तीच," त्या म्हणाल्या.

"कोळंबी तीच," मी म्हटलं. "हात वेगळे. रुद्रचा हात माझ्यासारखा आहे. माझ्याहून कडक आहे. मला इथे नुसती गांध उठते, त्याचा श्वास जाईल."

रुद्र ओसरीवर जाळ्याचा एक तरंगता बोया तोंडात घालायच्या खटपटीत होता. हिराबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि मला विचारलं,

"मंजे आमच्या पोराला कोलंबी कदीच नाय? कोली हाय तो."

मी म्हटलं, कधीच असं नाही सांगत. मोठा झाला की काहींचं कमी होतं, काहींचं होत नाही. ते मोठ्या दवाखान्यात, डॉक्टर समोर उभे असताना तपासायचं. अंगणात नाही, आणि परवा तर नाहीच. स्नेहल इंजेक्शन मुठीत घट्ट धरून बसली होती. माझ्यासाठी दिलेलं ते तिने परत करायला बराच वेळ लावला.

होडी आली त्या दिवशी हिराबाईंनी नातवाच्या जिभेला ओल्या नारळाचं पाणी लावलं आणि कोळंबी स्वतः खाल्ली. स्नेहलने फोटो पाठवला. मी नातीला कळवलं की माझ्या कारकिर्दीत माझी दुरुस्ती पहिल्यांदाच कुणीतरी वाचली. फार फुशारले. म्हातारपणी सुद्धा ती उरणच्या एस.टी.तली बाई पूर्ण मरत नाही.

गणपती झाले, आणि स्नेहलचा फोन. "आजी, तुम्ही आईंना नक्की काय सांगितलं होतं?"

झालं असं होतं की हिराबाईंनी माझा हवाला द्यायला सुरुवात केली होती. मासळीच्या लिलावात, होडीवर, हळदीकुंकवात. आणि हवाला अगदी बिनचूक : पनवेलच्या टिपनिस बाय, परभू, सोता येऊन गेल्या, हातावर गांध दावली. माझं गाव, जात, लिंग, सगळं आयुष्यात पहिल्यांदा बरोबर छापून येत होतं. चुकलं होतं ते फक्त विधान. टिपनिस बायनी सांगितलंय की ल्हान पोराला कोलंबी मंजे इख. ऐकून अर्ध्या वाडीने पोरांची कोळंबी बंद केली होती. धडधाकट, हाताला काहीही न उठणारी पोरं बिस्किटांवर आली होती, आणि त्यांच्या आया मला दुवा देत होत्या.

मी पुन्हा चपला घातल्या.

हिराबाईंनी या खेपेला आपणहून पिठलं-भाकरी वाढली. मी समजावलं, की ज्या पोराला त्रास झालेला आहे त्याला द्यायची नाही. ज्यांना काही होत नाही त्यांनी खुशाल खावी, त्यांची बंद करायची नाही. त्यांनी भाकरी मोडत ऐकलं. चेहरा पडला होता. त्यांचाही शब्द गेला होता ना वाडीत.

"आदी खावा म्हनल्या," त्या म्हणाल्या, "मंग नको म्हनल्या. आता पुन्ना खावा. बाय, तुमी एकदा काय तं ठरवा आनि मंग या."

विलायतेच्या एकाही परीक्षकाने मला इतकं थेट लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, हिराबाई, चुकलं तर बदलायचं, हाच आमचा धंदा. त्या म्हणाल्या, आमच्या धंद्यात भाव बोलून बदलला तं गिऱ्हाईक फिरकत नाय. पण भाकरी संपवून त्या उठल्या, अंगणाच्या कडेला गेल्या, आणि पलीकडच्या अंगणात जवळा पसरणाऱ्या बाईला ओरडून सांगितलं, की ज्याला झालाय त्याला नाय द्याची, बाकीच्यांना द्याची, टिपनिस बायनी सांगितलंय. मला कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. अक्षर न अक्षर बरोबर.

ती बाई हो म्हणाली आणि तिने वळून तिच्या पलीकडच्या अंगणात ओरडून सांगितलं. तिने काय सांगितलं ते वाऱ्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही. तिसरीने मात्र ऐकलं, कपाळाला हात लावला आणि अंगणात खेळणाऱ्या दोन्ही पोरांना घरात ओढून घेतलं.

मी उरणला जायला बोलावलेली रिक्षा परत पाठवली आणि तिच्या अंगणाकडे निघाले.